स्पीकर विकण्याआधी खडखड शोधा : गाडीच्या दारातून धंद्याचा एक धडा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण एका गाडीचं दार उघडून बघितलं. पण काम करताना एका हातात स्क्रू-ड्रायव्हर आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून व्हिडिओ मागे-पुढे करणं जमत नाही. म्हणून सगळ्या पायऱ्या इथे नीट लिहून देतोय. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात ज्यांना कार ॲक्सेसरीज किंवा ऑटो इलेक्ट्रिकचं छोटं काम सुरू करायचंय, त्यांनी हा धडा दोनदा वाचावा. बाकीच्यांनी एकदा वाचला तरी चालेल, कारण यातला धंद्याचा मुद्दा सगळ्यांना लागू आहे.

आधी माझाच किस्सा सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या गाडीच्या डाव्या दारातून गाणं लावलं की खडखड यायची. जरा बेस असलेलं गाणं लागलं की डब्यात नाणी हलवल्यासारखा आवाज. मी एका दुकानात गेलो. दुकानदाराने दाराला हातही लावला नाही. म्हणाला, "स्पीकर गेला, जोडी बदला." बदलली. पैसे दिले, खुशीत निघालो, आणि काटई-बदलापूर रस्त्याला लागेपर्यंत तीच खडखड पुन्हा सुरू. परत गेलो तर म्हणे, "आता ॲम्प्लिफायर टाकावा लागेल."

शेवटी एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनने गाणं सुरू ठेवून दारावर तळहात दाबला. आवाज बंद. हात काढला, आवाज सुरू. डोअर पॅडची एक प्लॅस्टिकची क्लिप तुटलेली होती. काम दहा मिनिटांचं.

पहिल्या दुकानदाराशी मी भांडलो नाही. फक्त परत त्याच्याकडे गेलो नाही. सोसायटीत कोणी विचारलं की त्या म्हाताऱ्या काकांचं दुकान दाखवतो. त्या दुकानदाराला आजही कळलं नसेल की त्याचं किती गिऱ्हाईक गेलं. मित्रांनो, धंद्यातलं सगळ्यात मोठं नुकसान असंच होतं, आवाज न करता.

आजचा मुद्दा एका वाक्यात

गिऱ्हाईक स्पीकर विकत घ्यायला आलेलं नसतं, ते खडखड बंद करायला आलेलं असतं. म्हणून आधी तपासणी विका, माल नंतर.

आपल्या पट्ट्यात हे जास्त का लागू पडतं?

उल्हासनगर कसं उभं राहिलं ते आठवा. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी, फाळणीनंतर तिथे आलेले सिंधी निर्वासित, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला उल्हास नदीवरून मिळालेलं नाव. हातात काही नसताना लोकांनी बराकीत राहून धंदा केला. आजही लोक पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर' सांगतात. अशा गावात मालाच्या भावावर लढायला गेलात तर तुमच्यापेक्षा दहा रुपये कमी घेणारा शेजारच्याच गल्लीत सापडेल. ऑनलाइन भाव तर गिऱ्हाईक मोबाइलवर दाखवतंच. पण दार उघडून "आवाज इथून येतोय" असं दाखवणारा माणूस ऑनलाइन मिळत नाही. तिथे तुमची जागा आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे बदलापूर-अंबरनाथचा नोकरदार. तो पहाटेची लोकल पकडतो आणि रात्री परत येतो. गाडी आठवडाभर सोसायटीत उभी. तुमचं दुकान उघडं असतं तेव्हा तो फोर्ट नाहीतर ठाण्यात असतो. म्हणून हे काम रविवारी त्याच्या पार्किंगमध्ये जाऊन करता येतं. सुरुवातीला गाळ्याचं भाडं भरायची गरज नाही, हत्यारांची एक बॅग पुरते.

पायरी १ : आवाज ओळखा

गिऱ्हाईकाला आधी चार प्रश्न विचारा.

१. गाणं बंद असताना, खड्ड्यातून जाताना आवाज येतो का? येत असेल तर तो दाराचा, सस्पेन्शनचा किंवा सीटचा आहे. म्युझिक सिस्टीमचा दोष नाही. प्रामाणिकपणे सांगा आणि गॅरेजला पाठवा.

२. इंजिनचा वेग वाढवला की 'कुईं' असा आवाज वाढतो का? मग ती विजेची गडबड आहे. अर्थिंग आणि वायरिंग तपासायचं.

३. फक्त फुल आवाजात फाटल्यासारखं वाटतं का? मग सिस्टीमवर जास्त ताण येतोय. बेस बूस्ट आणि इक्वलायझर आधी शून्यावर आणा. बऱ्याच वेळा इथेच काम संपतं.

४. मध्यम आवाजात, ठरावीक गाण्यालाच खडखड येते का? मग काहीतरी सैल आहे. आजचा आपला विषय हाच.

पायरी २ : जागा पकडा

सिस्टीममध्ये बॅलन्स आणि फेडर असतो. त्याने आवाज एका वेळी एकाच दारात न्या. एका मिनिटात कोणतं दार ते कळतं.

आता मोबाइलवर टोन जनरेटरचं एखादं मोफत ॲप घ्या. २०० हर्ट्झपासून सुरू करून हळूहळू ३०-४० हर्ट्झपर्यंत खाली या. आवाज मध्यम ठेवा, शुद्ध टोन जोरात वाजवला तर चांगला स्पीकरही जळू शकतो. प्रत्येक सैल वस्तू तिच्या ठरावीक कंपनालाच थरथरते, त्यामुळे एखाद्या आकड्यावर खडखड एकदम वाढेल. तिथे थांबा. तो आकडा वहीत लिहा. काम झाल्यावर हाच आकडा परत वाजवून गिऱ्हाईकाला ऐकवायचाय.

टोन सुरू ठेवून तळहाताने एकेक जागा दाबा : स्पीकरची जाळी, डोअर पॅडच्या कडा, दाराचा खिसा (त्यात नाणी, पेन, पाण्याची बाटली असते, आधी ती काढा!), आरसा, काच. मागचा आवाज असेल तर नंबर प्लेट आणि पार्सल ट्रेसुद्धा. काच एकदा पूर्ण वर, एकदा अर्धी करून बघा. फरक पडला तर काचेच्या रबरात ढिलाई आहे.

पायरी ३ : दार उघडा

इग्निशन बंद, चावी बाहेर, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली, आणि पाच-दहा मिनिटं थांबलेलं. हे टाळू नका. काही गाड्यांच्या दारात साइड एअरबॅगचा सेन्सर असतो. त्याला आणि त्याच्या वायरला हात लावायचा नाही.

पॅड लोखंडी स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका, प्लॅस्टिकची पट्टी वापरा. काही क्लिपा तुटणारच, म्हणून त्या मॉडेलच्या जादा क्लिपा जवळ ठेवा. तुटलेली क्लिप तशीच ठेवून पॅड बसवलं तर तुम्हीच उद्याची खडखड तयार केली.

आत हे बघा :

• स्पीकरचे स्क्रू सैल आहेत का.
• स्पीकर आणि पत्र्याच्या मध्ये फोमची गॅस्केट आहे का. नसेल तर हवा फटीतून निसटते, बेसही जातो आणि आवाजही येतो.
• वायरचा जुडगा किंवा लॉकचा रॉड पत्र्यावर आपटतोय का.
• स्पीकरची रिंग तडकलीय का किंवा पाण्याने फुगलीय का.

पायरी ४ : स्पीकरला दोषी ठरवण्याआधी

दोन्ही अंगठ्यांनी कोन सारख्या दाबाने, अगदी हलके आत ढकला. घासल्यासारखं जाणवलं तर आतली कॉइल खराब आहे. कडेचा रबर किंवा फोम फाटलाय का बघा. मल्टिमीटर लावा. ४ ओहमचा स्पीकर साधारण ३ ते ३.७ ओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटलीय.

तरी शंका असेल तर डावा स्पीकर उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावा. खडखड स्पीकरबरोबर गेली तर स्पीकर खराब. त्याच दारात राहिली तर दोष दाराचा. ही चाचणी गिऱ्हाईकासमोर करा. यानंतर तुम्ही नवीन स्पीकर विकलात तरी त्याच्या मनात शंका राहत नाही.

पायरी ५ : दुरुस्ती

वायरच्या जुडग्याला कापडी हार्नेस टेप गुंडाळा. रॉड आणि पत्र्याच्या मध्ये पाणी न शोषणाऱ्या फोमचा तुकडा लावा. गॅस्केट नवीन टाका. वायर कापून जोडू नका, त्या गाडीचा कपलर वापरा, म्हणजे मूळ वायरिंग शाबूत राहतं.

पत्रा स्वतःच थरथरत असेल तर ब्युटाइल डॅम्पिंग शीट लावायची. पत्रा आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग रोलरने दाबून बसवा. डांबराची स्वस्त शीट मिळते, पण आपल्या मे महिन्याच्या उन्हात ती मऊ पडून घसरते आणि वासही मारते. चार पैसे वाचवायला जाऊन नाव घालवू नका.

रिंग बनवायची असेल तर उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात कोणीही सुतार एमडीएफ गोल कापून देईल. पण एमडीएफ पाणी लागलं की फुगतं, आणि दाराच्या आत पावसाळ्यात पाणी येतंच. म्हणून प्लॅस्टिकची रिंग घ्या, नाहीतर वॉटरप्रूफ प्लाय सगळ्या बाजूंनी रंगवून.

इथे सगळ्यात महत्त्वाची सूचना. दाराच्या तळाला पाणी निघायची भोकं असतात. ती शीटने बुजवायची नाहीत. पॅडमागचं प्लॅस्टिकचं आवरणही फाडायचं नाही, फाटलेलं असेल तर नीट चिकटवा. भोकं बुजली तर दारात पाणी साचेल, पत्रा सडेल, आणि पुढच्या जुलैत गिऱ्हाईक ओल्या मॅटसकट तुमच्या दारात उभं राहील. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीचं पाणी बदलापूर परिसरात कसं शिरलं होतं ते इथल्या लोकांना सांगायला नको. एखादी गाडी पाण्यात राहिलेली असेल तर ते आधी विचारून घ्या. अशा गाडीत गंजलेला कनेक्टर आणि खराब झालेला कागदी कोन मिळण्याची शक्यता जास्त.

आता हिशोब

हे आकडे फक्त उदाहरणाचे आहेत. तुमच्या बाजारातले भाव घालून परत मांडा.

पहिला मार्ग : न तपासता स्पीकरची जोडी विकली. विक्री ४,००० रुपये, खरेदी ३,५००. हातात ५००. खडखड तशीच राहिली, गिऱ्हाईक परत आलं, दोन तास फुकट गेले, आणि वर नाव खराब.

दुसरा मार्ग : तपासणीचे ३०० रुपये, दुरुस्तीची मजुरी ७००, क्लिपा-टेप-फोम मिळून खर्च १५०. हातात ८५०. गिऱ्हाईकाचे ४,००० ऐवजी १,००० गेले, तुमचे ३५० जास्त आले. आणि मालात एक रुपयाही अडकला नाही. ज्याच्याकडे भांडवल कमी आहे त्याने हे शेवटचं वाक्य परत वाचा.

"तपासणीचे पैसे कोण देईल?" असं तुम्ही विचाराल. सुरुवातीला लाज वाटते, खरंय. मग असं बोला : "साहेब, तपासणीचे तीनशे. आवाज कुठून येतोय ते तुम्हाला दाखवणार. नाही सापडला तर पैसे नको." आणि खरंच नाही सापडला तर घेऊ नका. त्या तीनशे रुपयांत तुम्ही अनुभव घेतलात असं समजा.

काम झालं की तोच टोन, तोच आकडा, तोच आवाज ठेवून वाजवा. गिऱ्हाईकाचा हात दारावर ठेवायला लावा. मग बिलावर स्पष्ट लिहा : काय सापडलं, काय बदललं, त्याच जागी खडखड परत आली तर किती दिवस फुकट बघणार. तुटलेली क्लिप पाकिटात घालून परत द्या. ती सोसायटीत चार जणांना दाखवली जाते. तुमचं व्हिजिटिंग कार्ड कोणी दाखवणार नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

घरातली किंवा मित्राची एक गाडी घ्या. पैसे घेऊ नका. पायरी १ आणि २ फक्त करा, दार उघडू नका. चारही दारांचे आकडे वहीत लिहा. अशा पाच गाड्या झाल्या की तुमच्या लक्षात येईल की कोणत्या मॉडेलला कुठे ढिलाई असते. ती वही तुमचं खरं भांडवल.

आणि तुमचा धंदा वेगळा असेल, मोबाइल रिपेअरिंग, शिवणकाम, पाण्याच्या मोटारी, काहीही, तरी आज रात्री एक प्रश्न लिहून काढा : माझं गिऱ्हाईक वस्तू मागतं तेव्हा त्याची खडखड नक्की कुठे असते?

पुढच्या धड्यात या पाच गाड्यांनंतर पहिलं पैसे देणारं गिऱ्हाईक कसं मिळवायचं ते बघू. तोपर्यंत, कामाला लागा!