मक्याचें बीं निवडतांना

मृग नक्षत्र जवळ आलें म्हणजे पंचगंगेच्या खोऱ्यांत बियाण्याच्या दुकानांपुढें गर्दी होऊं लागते. पिशव्यांवर भरगच्च कणसांचीं चित्रें असतात. दुकानदार एका जातीचें नांव सांगतो, शेजारी दुसरीचें सांगतो, आणि शेतकरी गोंधळून जाऊन जी पिशवी हातीं येईल ती घेऊन घरीं परततो. खत कमी पडलें तर मागाहून घालतां येतें, तण माजलें तर खुरपतां येतें. परंतु बीं एकदां मातींत पडलें म्हणजे त्या हंगामापुरती निवड संपली. कित्येक घरीं हें बीं उसन्या पैशानें आणलेलें असतें. तें फसलें तर पीक जातें व कर्ज मात्र मागें राहतें. म्हणून ह्या विषयाचा आज आपण क्रमानें अभ्यास करूं.

"सर्वांत चांगलें बीं कोणतें?" असें पुष्कळजण विचारतात. पण हा प्रश्नच अपुरा आहे. "माझ्या रानाला, माझ्या गरजेला व माझ्या ऐपतीला कोणतें बीं मानवेल?" असें विचारलें पाहिजे. ह्या प्रश्नाचें उत्तर दुकानांत मिळत नाहीं. तें आपल्या बांधावर उभें राहूनच शोधावें लागतें.

१. रान आणि पाऊस

आपल्या जिल्ह्यांत पाऊस सर्वत्र सारखा नाहीं. पश्चिमेस गगनबावड्याला वर्षांत पांच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, तर पूर्वेस शिरोळकडे तो पांचशेंच्या आसपास असतो. एकाच जिल्ह्यांतील दोन शेतकऱ्यांना एकच सल्ला कसा लागू पडेल?

मक्याला ओल हवी असते, परंतु सांचलेलें पाणी त्याला सोसत नाहीं. रोपें लहान असतां मुळांशीं पाणी उभें राहिलें तर पानें पिवळीं पडतात व पीक खुरटतें. म्हणून भाताच्या खाचरांत पावसाळी मका करूं नये. पश्चिम भागांत तो करावयाचा तर उताराची, पाणी निचरून जाणारी जमीन पाहावी. नदीकांठच्या ज्या रानांत २०१९ च्या ऑगस्टांत व २०२१ च्या जुलैंत पूर शिरला, तेथें पावसाळ्यांत मका पेरून जोखीम घेण्यापेक्षां १५ ऑक्टोबरपासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत रब्बीचा मका पेरणें शहाणपणाचें आहे.

यानंतर मुदतीचा विचार करावा. खरिपांत लवकर येणाऱ्या जाती सुमारें ८० ते ९० दिवसांत, मध्यम जाती ९० ते १०० दिवसांत व उशिरा येणाऱ्या १०० ते ११० दिवसांत तयार होतात. थंडींत हीच मुदत आणखी लांबते. पाणी शेवटपर्यंत पुरत असेल तर जास्त दिवसांची जात सामान्यतः जास्त दाणा देते. परंतु तुरा बाहेर पडून कणसाला केस फुटतात तेव्हां जर ओल तुटली, तर दाणे भरत नाहींत. मागाहून कितीहि पाऊस पडला तरी तो तोटा भरून निघत नाहीं. म्हणून मुरमाड व केवळ पावसावर अवलंबून असलेल्या रानांत लवकर येणारी जात घ्यावी; विहिरीचें किंवा नदीचें पाणी हमखास असेल तेथें मध्यम किंवा उशिराची घ्यावी. पेरणीचें अंतरहि ह्याच हिशेबानें ठेवतात: लवकर येणाऱ्या जातींना दोन ओळींत ६० सेंटिमीटर, इतरांना ७५, आणि ओळींतील दोन रोपांत २० सेंटिमीटर.

२. पीक कशाकरितां?

कोंबड्यांच्या खाद्याकरितां मका विकावयाचा असेल तर पिवळ्या अथवा नारिंगी, टणक दाण्याची जात घ्यावी. घरीं गाईम्हशी असतील तर वैरणीचा विचार निराळा करावा. गोकुळ दूध संघ १९६३ सालीं स्थापन झाला, तेव्हांपासून दुधाचा धंदा आपल्या गांवांतून फार वाढला आहे, आणि हिरव्या वैरणीची गरजहि त्याबरोबर वाढली आहे. त्या कामीं आफ्रिकन टॉल ही उंच, पालेदार जात प्रसिद्ध आहे. तिच्यापासून विक्रीच्या दाण्याची अपेक्षा धरूं नये. ज्याचा गुण पाल्यांत, त्याच्याकडे पालाच मागावा. दाण्याकरितां एकरीं ६ ते ८ किलो बीं पुरतें, वैरणीकरितां मात्र दाट पेरावें लागत असल्यामुळें एकरीं सुमारें ३० किलो लागतें. पीक फुलोऱ्यास आलें म्हणजे हिरवी वैरण कापावी. मूरघास करावयाचा असेल तर दाण्यांत चीक भरून तो घट्ट होऊं लागेपर्यंत थांबावें.

बाजारांत हिरवीं गोड कणसें विकणारांनीं एक गोष्ट लक्षांत ठेवावी. मक्याच्या तुऱ्यांतील पराग वाऱ्यानें उडून दूर जातात. गोड मक्याच्या कणसावर शेजारच्या साध्या मक्याचे पराग पडले तर ते दाणे गोड न राहतां पिठूळ होतात. म्हणून दोहोंची पेरणी दूरदूर करावी, किंवा दोघांस एकाच वेळीं तुरा येणार नाहीं अशी काळजी घ्यावी.

३. संकरित कीं संमिश्र?

मक्याचें सगळें रहस्य ह्या उडणाऱ्या परागांत आहे. तुरा डोक्यावर, कणीस कमरेशीं. कणसाचा एकेक केस म्हणजे एकेका दाण्याची वाट. त्या वाटेनें पराग उतरला तरच तो दाणा धरतो, आणि बहुधा तो पराग दुसऱ्याच झाडाचा असतो. १९०८ सालीं अमेरिकेंत जॉर्ज शल ह्या शास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, मक्याचीं झाडें पिढ्यानुपिढ्या स्वतःच्याच परागानें फळविलीं तर तीं दुबळीं होत जातात. परंतु अशा दोन निरनिराळ्या शुद्ध वंशांचा संकर केला म्हणजे पुढची पिढी विलक्षण जोमदार निपजते. हेंच संकरित बीं.

आपल्या देशांत मका सुधारण्याची समन्वित योजना १९५७ सालीं सुरू झाली. १९६१ सालीं गंगा १, गंगा १०१, रणजित व डेक्कन ह्या पहिल्या संकरित जाती बाहेर पडल्या आणि १९६७ सालीं विजय, किसान, जवाहर इत्यादि संमिश्र जाती आल्या. ह्या कामाचें एक केंद्र कोल्हापुरांतहि आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाच्या शिफारशींत राजर्षी ही संकरित जात आणि करवीर, मांजरी व पंचगंगा ह्या संमिश्र जाती आढळतात. त्यांतील कित्येक नांवें ऐकतांच तीं आपल्याच मातीचीं वाटतात.

दोहोंतील भेद शेतकऱ्याच्या खिशाला लागणारा आहे. संकरित बीं चांगल्या जमिनींत, पुरेशा खतापाण्यावर जास्त पिकतें व सारखें वाढतें. परंतु तें दर वर्षीं नवें विकत घ्यावें लागतें. त्याच्या पिकांतील दाणा बियाण्यास ठेवला तर पुढील वर्षीं झाडें उंचसखल निघतात, कणसें लहानमोठीं होतात व उत्पन्न घटतें. त्यांत दुकानदाराची लबाडी नाहीं. संकराचा जोम पहिल्या पिढीपुरता असतो, हा सृष्टीचा नियम आहे. संमिश्र जातीचें बीं मात्र अनेक वंशांच्या मिश्रणाचें असल्यामुळें दोनतीन वर्षें घरचें वापरतां येतें. त्याकरितां भोंवतालच्या दुसऱ्या मक्यापासून सुमारें २०० मीटर अंतर राखावें, आणि पुष्कळ निरोगी झाडांचीं कणसें शेताच्या मध्यभागांतून निवडावीं. चारदोन मोठ्या कणसांवरच भिस्त ठेवली तर वंश दुबळा होत जातो.

ज्याच्यापाशीं पाणी, खत व बियाण्याचा पैसा आहे त्यानें संकरित घ्यावें. ज्याला कर्ज काढल्यावांचून पिशवी घेतां येत नाहीं व ज्याचें रान हलकें आहे, त्यानें संमिश्र जात पेरण्यांत कोणताहि कमीपणा मानूं नये.

४. पिशवी हातीं आल्यावर

बीं प्रमाणित असेल तर पिशवीस निळी चिठ्ठी असते. हिरवी चिठ्ठी असल्यास बियाण्याच्या गुणाची हमी विकणाऱ्या कंपनीची स्वतःची असते. १९६६ च्या बियाणें कायद्याप्रमाणें चिठ्ठीवर जात, उगवणशक्ति, शुद्धता व चाचणीची तारीख लिहिलेली पाहिजे. तीं वाचावीं, वाचतां येत नसल्यास शाळेंत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावीं. पक्की पावती मागून घ्यावी. पेरल्यावर रिकामी पिशवी, चिठ्ठी व मूठभर बीं हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावें. बीं उगवलें नाहीं तर तालुक्याच्या कृषि अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करतां येते. परंतु पुराव्यावांचून तक्रारीस बळ नसतें.

घरचें बीं असो वा विकतचें, उगवण पाहून घ्यावी. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटांत गुंडाळावे, गोणपाट ओलसर ठेवावें व सातव्या दिवशीं चांगले मोड आलेले दाणे मोजावे. नव्वद किंवा अधिक निघाले तर बीं उत्तम. त्याहून बरेच कमी निघाले तर तें बीं पेरूं नये.

२०१८ सालापासून अमेरिकन लष्करी अळी आपल्या देशांत आली आहे. तिचा उपद्रव मुळींच होणार नाहीं अशी जात आपल्या बाजारांत नाहीं. कोणी तसें सांगितल्यास विश्वास ठेवूं नये. औषध लावलेलें बीं असेल तर पहिले कांहीं दिवस रोपांस आधार मिळतो, पुढें पोंग्यांत पाहणी करावीच लागते. असें रंगीत, औषध लावलेलें बीं उरलें तर तें कोंबड्यांस घालूं नये, दळूं नये, मुलांच्या हातीं लागूं देऊं नये. तें विष आहे.

५. थोड्या जागेंत परीक्षा

१९७० सालीं अमेरिकेंत मक्यावर करपा पडला आणि सुमारें पंधरा टक्के पीक बुडालें. तेथें बहुतेक शेतांत एकाच मातृवंशाचें संकरित बीं पेरलेलें होतें. एका झाडास जो रोग लागे तो सर्वांस लागे. यावरून आपण हा धडा घ्यावा कीं, सगळें रान एकाच नव्या जातीखालीं घालूं नये.

ओळखीची जात बहुतेक रानांत पेरावी, आणि नवी जात दोन गुंठ्यांत तिच्या शेजारींच, त्याच दिवशीं, तेवढ्याच खतावर पेरावी. कापणीच्या वेळीं दोहोंचे सारखेच गुंठे निराळे मोडावे, दाणा सारखा वाळवावा व वजन करून वहींत लिहून ठेवावें. कणीस मोठें दिसलें म्हणजे दाणा जास्त असतोच असें नाहीं. डोळा फसतो, तराजू फसत नाहीं. गांवांतील पांच शेतकऱ्यांनीं पांच जाती अशा पाहिल्या व वह्या एकत्र बसून वाचल्या, तर पुढील मृगाच्या आधीं त्या गांवाजवळ असें ज्ञान येईल कीं जें कोणत्याहि पिशवीवर छापलेलें नसतें.

विचार करण्याकरितां प्रश्न

१. तुमच्या रानांत पावसाचें पाणी किती वेळ उभें राहतें? ओल किती दिवस टिकते?

२. तुम्हांला मक्याचा दाणा हवा, वैरण हवी, कीं हिरवीं कणसें?

३. संकरित मक्याचा दाणा पुढील वर्षीं बीं म्हणून कां वापरूं नये?

४. गेल्या हंगामांतील पिशवीची चिठ्ठी व पावती तुमच्या घरीं आहे काय?

५. यंदा दोन गुंठ्यांत कोणती जात पाहावयाची, हें घरांतील सर्वांनीं मिळून ठरवावें. खुरपणारीचें व वैरण घालणारीचें मतहि विचारावें. पिकाचा गुणदोष पुष्कळदां तिलाच आधीं दिसतो.