जुना ट्रान्झिस्टर मोडीत निघणार का?

प्रश्न : आमच्याकडे वडिलांच्या वेळचा ट्रान्झिस्टर आहे. सकाळच्या बातम्या आम्ही अजून त्यावरच ऐकतो. सगळं प्रसारण डिजिटल झालं की तो बंद पडणार का? (एक वाचक, जि. सांगली)

उत्तर : इतक्यात नाही. पण मीडियम वेव्ह आणि एफएम यांचं भवितव्य एकसारखं नाही.

नॉर्वेने 2017 साली देशव्यापी वाहिन्यांचं एफएम प्रसारण बंद केलं. असं करणारा तो जगातला पहिला देश. डोंगरदऱ्यांतून एफएमचं जाळं सांभाळणं तिथे फार महाग पडत होतं. एफएमवर पाचच राष्ट्रीय वाहिन्या होत्या, डिजिटलवर 22 झाल्या. तरीही बरीच छोटी स्थानिक केंद्रं एफएमवरच राहिली. जपानची गंमत वेगळीच. तिथली खासगी मीडियम वेव्ह केंद्रं खर्च परवडेना म्हणून डिजिटलकडे नाही, तर एफएमकडे वळताहेत.

आपल्या आकाशवाणीने मुंबई-पुण्यासह 35 ठिकाणी मीडियम वेव्हवर डीआरएम या डिजिटल पद्धतीचे प्रक्षेपक बसवले. त्यात खरखर नाही, वीज कमी लागते आणि एकाच प्रक्षेपकावरून दोन-तीन कार्यक्रम देता येतात. अडतं ते ऐकणाऱ्याकडे. काही नव्या मोटारींत डीआरएमची सोय आहे. पण तालुक्याच्या बाजारात डीआरएम रेडिओ मागून बघा, दुकानदार तुमच्याकडेच बघत राहील.

साध्या रेडिओची मजबुती त्याच्या साधेपणात आहे. दोन सेलवर तो कित्येक दिवस चालतो. लहर क्षीण झाली तर आवाज खरखरतो, पण बातमी कळते. डिजिटलमध्ये लहर ठरावीक पातळीखाली गेली की आवाज तुटतो आणि मग थेट गप्प! वादळात, पुरात हा फरक मोठा ठरतो. शिवाय डिजिटल संचाला संकेत उलगडायला वेळ लागतो. दोन्ही रेडिओ शेजारी ठेवले, तर बातम्यांआधीचे वेळेचे ठोके डिजिटलवर काही सेकंद उशिराच पडतात.

मग आधी काय जाईल? मीडियम वेव्ह. उंच मनोरे, एकरांनी जमीन, भलं मोठं वीजबिल. आकाशवाणीने जुने प्रक्षेपक बंद करायला सुरुवात केलीच आहे. एफएम मात्र टिकेल. खासगी वाहिन्यांसाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) 2025 साली केलेल्या शिफारशींत एकाच लहरीवर एफएम आणि डिजिटल जोडीने चालवण्याची सूचना आहे, तीही आधी मोठ्या शहरांत. एफएम कधी बंद करायचं, याची तारीख त्यांत नाही.

तुमच्या संचावर एफएमचा पट्टा असेल, तर निर्धास्त राहा. नुसताच मीडियम वेव्ह असेल, तर जवळच्या केंद्राचा कार्यक्रम एफएमवर मिळतो का, ते आताच पाहून ठेवा. आणि रेडिओ काही दिवस वापरणार नसाल, तर सेल काढून ठेवा. जुने ट्रान्झिस्टर तंत्रज्ञान बदलल्यामुळे कमी आणि सेल गळल्यामुळे जास्त बिघडतात.