नवी बॅटरीही का उतरते?

प्रश्न : माझ्या आठ वर्षं जुन्या गाडीची नवी बॅटरी दोनदा उतरली. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागतो. इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढून पाहू, असं मेकॅनिक म्हणतो. बॅटरी पुन्हा बदलू का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : घाबरू नका, बॅटरी बहुधा ठीक आहे. पण चालू इंजिनवर वायर मुळीच काढू देऊ नका. व्होल्टेज एकदम उसळून ईसीएम, म्हणजे इंजिन नियंत्रित करणारा संगणक, जळू शकतो आणि तो खर्च फार मोठा.

लाल दिवा चार्जिंगमधला बिघाड दाखवतो. मल्टिमीटर लावा. इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट, चालू केल्यावर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ हवेत. हेडलाइट आणि एसी लावल्यावर १३च्या खाली घसरलं, तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर कमी पडतोय. १५च्या वर गेलं, तर रेग्युलेटर पाहा.

त्याआधी इंजिन बंद करून बेल्टचा ताण आणि टर्मिनलवरचा पांढरा थर तपासा. अनेकदा दुखणं तिथेच असतं. नसेल तर ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा. इतक्या जुन्या गाडीत अल्टरनेटरचे कार्बन ब्रश झिजलेले असू शकतात. ब्रश, रेग्युलेटर, बेअरिंग बहुधा सुटे बदलता येतात. वाइंडिंग जळालं असेल तरच पूर्ण अल्टरनेटर घ्या. तोवर रात्री घाटात गाडी नेऊ नका.