आधी पीस, मग फ्लाय

जालन्याच्या मस्तगडात राहून ट्राउटसाठी फ्लाय (हुकावर पिसं-लोकर बांधून केलेला नकली कीटक) बांधतो म्हटलं, की समोरचा हमखास विचारतो, "इथे कुठे आला ट्राउट?" इथे नाहीच तो. हा थंड, वाहत्या पाण्यातला मासा. पाणी वीस अंशांच्या वर चढू लागलं की त्याला जड जातं, आणि आमच्या घाणेवाडी तलावाचं पाणी एप्रिल-मेमध्ये कसं तापतं ते जालनेकरांना वेगळं सांगायला नको. ट्राउट आहे तिकडे हिमाचलात, तीर्थन नदीत. पण त्याच्यासाठीचे फ्लाय मस्तगडातल्या माझ्या टेबलावर बांधले जातात, ते ठाण्याच्या एका काकांमुळे. तीर्थनच्या काठावर आमची ओळख झाली. तेव्हापासून त्यांची पाकिटं येतात: पिसं, लोकर, बारीक दोरा. प्रत्येक पुडीवर पीस कुठल्या पक्ष्याचं, अंगाच्या कुठल्या भागाचं, हे त्यांच्या अक्षरात लिहिलेलं असतं. या पाकिटांमधून जे शिकलो ते असं.

१. आधी साहित्य बघावं, नमुना नंतर ठरवावा.

बहुतेक जण पुस्तकात किंवा व्हिडिओत एखादा फ्लाय बघतात, यादी करतात आणि सामान मागवतात. दुसऱ्याने वाटून दिलेल्या सामानात ही सोय नसते. जे आलं त्यातूनच करायचं असतं, आणि मी म्हणेन, शिकायचं तर असंच शिकावं. काकांनी एकदा टर्कीच्या शेपटीचं एकच तांबूस-तपकिरी पीस पाठवलं. फोन केला तर म्हणाले, "अरे, फ्रँक सॉयरला दोनच वस्तू पुरल्या. तुझ्याकडे एक आलीये, दुसरी तू शोध."

सॉयर हा इंग्लंडमधल्या एव्हन नदीचा राखणदार. त्याची 'फेजंट टेल निम्फ' म्हणजे फेजंटच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची तार, बस्स. दोरासुद्धा नाही. निम्फ म्हणजे मेफ्लाय या कीटकाची पाण्याखालची अवस्था. ती पोहताना पाय अंगाशी घेते, हे सॉयरने पाण्यात बघून ठेवलं होतं, म्हणून त्याने फ्लायला पायच लावले नाहीत. १९५८ साली त्याचं निम्फवरचं पुस्तक आलं आणि हा फ्लाय जगभर गेला.

दुसरी वस्तू मला मोटार वाइंडिंगच्या दुकानात मिळाली. मराठवाड्यात विहिरीवरच्या मोटारी सतत जळतात, त्यामुळे केसासारख्या तांब्याच्या तारेला इथे तोटा नाही. शिकंज्यात चौदा नंबरचा हुक धरायचा. तारेचे वेढे देत छातीच्या जागी थोडा फुगवटा करायचा. वजनही तिथेच येतं. मग फेजंटऐवजी टर्कीच्या पिसाचे चार तंतू, टोकं शेपटीसारखी मागे ठेवून, हुकाच्या बाकाजवळ तारेने आवळायचे. तंतू आणि तार एकत्र पिळून पुढे गुंडाळत न्यायची. पीस ठिसूळ असलं तरी तारेच्या पिळामुळे माशाच्या दातांना टिकतं. शेवटी तंतू फुगवट्यावरून एकदा मागे, एकदा पुढे दुमडून तारेने बंद. मिटलेले पंख तयार. एका पिसात असे कितीतरी फ्लाय निघतात.

२. कोंबड्याचं वय विचारावं.

पाण्यावर तरंगणाऱ्या कोरड्या फ्लायला मानेचं पीस लागतं आणि त्याचे तंतू ताठ हवेत. ब्रॉयलर सहा आठवड्यांच्या आतबाहेर कापला जातो. त्याच्या मानेवर तसं पीस यायला वेळच मिळत नाही. पीस हवं ते चांगला पिकलेला, अंगणात झुंजलेला गावरान कोंबडा असतो त्याचं. कोंबडीचं पीस मऊ, ते पाणी पितं, म्हणून बुडणाऱ्या फ्लायला ठीक. निवडताना पीस हुकाभोवती वाकवून बघावं: तंतूंची लांबी हुकाच्या तोंडाच्या दीडपट ते दुप्पट असावी. त्याहून लांब असले तर फ्लाय पाण्यावर कलंडतो. पिसाच्या बुडाशी जो भुरभुरीत भाग असतो तो आधी काढून टाकावा.

यात नवीन काहीच नाही. साधारण इसवी सन २०० च्या सुमारास एलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या मासेमारांची हकिगत लिहून ठेवली आहे: हुकावर लाल लोकर आणि कोंबड्याच्या गळ्याची मेणाच्या रंगाची दोन पिसं. हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला. लोकर आणि गावरान कोंबडा या दोन्ही वस्तू आमच्या आठवडी बाजाराच्या टप्प्यातल्या आहेत.

३. बदकाच्या पिसाला काही लावू नये.

शेपटीच्या वर, तेलाच्या ग्रंथीभोवती बदकाला छोटी, मऊ पिसं असतात. त्यांच्या बारीक तंतूंत हवा अडकते आणि फ्लाय आपोआप तरंगतो. त्यावर तरंगायचं जेल चोपडलं की तंतू चिकटतात आणि सगळा गुण जातो.

४. कायद्याबाहेरचं पीस भेट म्हणूनही घेऊ नये.

याबाबतीत मी कडक आहे. मोर आमच्या शिवारात भरपूर. पावसाळा सरताना पिसारा झडतो आणि शेतकरी बांधावरची पिसं घरी आणतात. अशी आपोआप गळलेली पिसं देशात ठेवता-देता येतात. निर्यातीला बंदी आहे. डोळ्याच्या लगेच खालचे तंतू सर्वांत दाट आणि झळाळणारे. ती झळाळी रंगद्रव्याची नाही, तंतूच्या सूक्ष्म रचनेची, म्हणून वर्षानुवर्षं फिकी पडत नाही. पण परदेशातल्या मित्राने चार तंतू मागितले तरी नाही म्हणायचं.

राखाडी रानकोंबड्याचं प्रकरण याहून गंभीर आहे. आपल्या सह्याद्रीतला हा पक्षी. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाच्या थेंबांसारखे चकचकीत ठिपके असतात आणि 'जॉक स्कॉट'सारख्या जुन्या सॅमन फ्लायसाठी ती पिसं विलायतेत चढ्या मोलाने जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. "आजोबांच्या काळातलं आहे" म्हणून कुणी देऊ केलं तरी हात लावू नये. पिसांचा मोह माणसाला कुठवर नेतो याचा एक दाखला: २००९ मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून एका तरुणाने २९९ पक्ष्यांचे नमुने चोरले, फ्लाय बांधणाऱ्यांना विकायला. त्यांतले काही आल्फ्रेड रसेल वॉलेसने स्वतः गोळा केलेले होते. त्यातले बरेच परत मिळाले, पण अनेकांच्या चिठ्ठ्या तोडलेल्या होत्या, आणि पक्षी कुठे, कधी मिळाला हे कळेनासं झालं की तो नमुना शास्त्राच्या कामाचा राहत नाही. काकांच्या पुड्यांवरच्या अक्षराची किंमत मला तेव्हापासून जास्त वाटते.

५. आलेली पुडी थेट डब्यात टाकू नये.

कसर एका पिसातून सगळ्या डब्यात पसरते. कोंबड्या-बदकाची पिसं कोमट साबणपाण्यात धुऊन सावलीत वाळवावीत, मग पिशवीत घालून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवावीत. डब्यात डांबरगोळी असावीच. घरच्यांना फ्रीझरची कल्पना आधी द्यावी.

६. इथल्या पाण्यात फ्लाय तपासून घ्यावा.

चिलापी छोट्या निम्फला तोंड घालते. निम्फ कसा बुडतो, हुक सुटतो का, तार सैल पडते का, हे तिच्यावर कळतं. हुकाचा काटा मात्र पक्कडीने दाबून ठेवावा, म्हणजे मासा इजा न होता सोडता येतो.

७. पाकीट रिकामं परत करू नये.

काका पैसे घेत नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तुझ्याकडे आहे आणि माझ्याकडे नाही, ते पाठव." म्हणून माझ्याकडून तांब्याची तार जाते, निरनिराळ्या जाडीची. गावरान कोंबड्याची पिसं जातात, रंगाप्रमाणे लावून. त्यांच्याच साहित्यातून बांधलेले काही फ्लायही जातात, आणि ते फोनवर एकेकाची चिरफाड करतात: डोकं जाड झालंय, हुकाच्या डोळ्यामागे जागा सोडलेली नाही. हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउट पकडायला बंदी असते, म्हणून हे सगळं थंडीतच उरकतं. मार्चमध्ये नदी उघडायच्या आत त्यांचा डबा भरलेला असला पाहिजे. यंदा त्यांनी काळ्या मेंढीची लोकर मागितली आहे, न रंगवलेली. ती धनगरांच्या वाड्यावरून आणायची आहे.