साखर पांढरी कशी होते, विहिरीत टी.सी.एल. का टाकतात?



गव्हाणीवर गाड्या खाली होताना एक प्रश्न नेहमी कानी येतो : "साखर एवढी पांढरी, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकत असतील ना?" नाही, टाकत नाहीत. रंग दोन्हींनी जातो, पण रीत उलटी आहे. तीच आज समजून घेऊ.

रंगद्रव्याला प्राणवायू देऊन ते मोडणे, याला ऑक्सिडीकरण म्हणतात. त्यातला प्राणवायू काढून घेणे, याला क्षपण म्हणतात.

आपल्याकडील बहुतेक साखर कारखान्यांत दुसरी रीत चालते. गंधक जाळून सल्फर डायऑक्साइड वायू करतात आणि चुना दिलेल्या गरम रसात सोडतात. दोन्ही मिळून कॅल्शियम सल्फाइटचा साका होतो. तो रसातली घाण घेऊन तळाशी बसतो. तीच पुढे मळी म्हणून आपल्या शेतात येते. पुढे पाकालाही हा वायू देतात. साखरेत तो किलोमागे 70 मिलिग्रॅमपेक्षा जास्त राहू नये, अशी कायद्याची मर्यादा आहे.

पण क्षपणाने रंग पुरता मोडत नाही, बराचसा दबतो. हवा लागली की थोडा परत येतो आणि गोदामातली साखर पिवळसर पडते. म्हणून रंग मुळातच कमी यायला हवा. शिळा ऊस, वाढे, पाचट आणि माती यांनी रसाचा रंग वाढतो. तोडलेला ऊस साफ करून चोवीस तासांत गव्हाणीवर आला, तर अर्धे काम शेतातच झाले म्हणायचे!

आता विहीर. टी.सी.एल. म्हणजेच ब्लीचिंग पावडर; ती विरलेल्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडून करतात. ही पहिल्या रीतीची. ती रंगाबरोबर रोगजंतूही मारते. ताज्या पावडरीत सुमारे 33 टक्के क्लोरीन असतो. हजार लिटर पाण्यास साधारण अडीच ग्रॅम लागते. 3 मीटर व्यासाच्या विहिरीत 4 मीटर पाणी असेल, तर ते सुमारे 28 हजार लिटर. म्हणजे 70 ग्रॅम पावडर. पाणी गढूळ असले तर जास्त लागते. प्लॅस्टिकच्या बादलीत कालवावी, चुना खाली बसू द्यावा आणि वरची निवळी विहिरीत ओतावी. तासाभराने नमुन्याची ओ.टी. चाचणी करावी. नमुना पिवळा झाला, तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजावे.

उघडी, ओली किंवा उन्हात ठेवलेली पावडर निकामी होते. ती टाकून आपण निर्धास्त राहतो आणि घरात जुलाब सुरू होतात. डबा घट्ट बंद, कोरड्या अंधाऱ्या जागी ठेवावा. संडास धुण्याच्या अॅसिडमध्ये पावडर कधीही मिसळू नये, विषारी क्लोरीन सुटतो. युरिया, डिझेल, रॉकेल यांच्याशेजारीही ठेवू नये; प्राणवायू देणारा पदार्थ आगीलाही बळ देतो.

निवळ दिसते ते पाणी शुद्ध असतेच असे नाही. पावसाळ्याच्या तोंडी घरातला डबा एकदा उघडून पाहा. वास उग्र नसेल तर नवी पावडर आणा.