बंदीचे महिने अपिलात कमी होतात का?

प्रश्न : माझा भाचा नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये लीड्सला असतो. मित्राकडचं जेवण आटोपून घरी जाताना पोलिसांनी गाडी अडवली. श्वासाच्या चाचणीत आकडा ५२ आला. गाडीत आणखी दोघे होते. अपघात नाही, आधीचा कुठला गुन्हा नाही. कोर्टात त्यानं सरळ कबुली दिली, तरी दंड आणि वर १६ महिने गाडी चालवायला बंदी! नोकरी फिरतीची, गाडीवाचून भागत नाही. अपील केलं तर बंदी कमी होईल का? आणि तोवर त्याला भारतातल्या लायसन्सवर गाडी चालवता येईल का?
— एक मामा, सांगली

उत्तर : मामा, अपील करता येते आणि त्यासाठी कोणाची परवानगीही लागत नाही. मात्र किती आशा धरायची, हे कळण्यासाठी १६ हा आकडा आला कुठून ते आधी पाहू.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १०० मिलिलिटर श्वासात ३५ मायक्रोग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे. स्कॉटलंडने डिसेंबर २०१४ पासून ती २२ वर आणली. मर्यादा ओलांडल्याबद्दल दोषी ठरलेल्या माणसावर किमान १२ महिने बंदी घालणे मॅजिस्ट्रेटना बंधनकारक असते, आणि दहा वर्षांत दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान ३ वर्षे. त्या किमान मुदतीच्या वर किती जायचे, याचा तक्ता तिथल्या सेंटेन्सिंग कौन्सिलने ठरवून दिला आहे. आकडा ३६ ते ५९ असेल तर १२ ते १६ महिने, ६० ते ८९ असेल तर १७ ते २२, ९० ते ११९ असेल तर २३ ते २८ आणि १२० पासून पुढे २९ ते ३६ महिने.

नामवंतांनाही हाच तक्ता लागतो. २०१७ मध्ये फुटबॉलपटू वेन रूनीचा आकडा १०४ आला, बंदी झाली दोन वर्षांची. २०१८ मध्ये टीव्हीवरचा लोकप्रिय निवेदक अँट मॅकपार्टलिन याचा आकडा ७५ होता, बंदी २० महिन्यांची. त्याला दंड मात्र ८६,००० पौंड झाला, कारण तिथे दंड उत्पन्नाच्या प्रमाणात आकारतात. थोडक्यात, दंड खिसा पाहून ठरतो आणि बंदी श्वास पाहून.

आता भाच्याचे ५२ घ्या. पहिल्या गटात हा आकडा वरच्या टोकाकडे झुकतो. नुसत्या प्रमाणाने पाहिले तर १५ महिन्यांच्या आसपास येतात. गाडीत प्रवासी असणे ही गुन्ह्याचे गांभीर्य वाढवणारी बाब मानली जाते आणि इथे दोन प्रवासी होते. म्हणजे १६ महिने त्या गटात सर्वांत जास्त असले तरी तक्त्याबाहेर नाहीत. कबुलीबद्दल सवलत मिळते ती दंडात किंवा कैदेत; बंदीच्या मुदतीत नाही. ‘सगळं कबूल केलं तरी एवढी बंदी’ या तक्रारीला म्हणून तिथे फारसा अर्थ उरत नाही.

अपील क्राउन कोर्टात जाते. शिक्षा झाल्यापासून साधारण तीन आठवड्यांत, म्हणजे कामकाजाच्या १५ दिवसांत, अर्ज पोचायला हवा. तिथे खालच्या कोर्टाचा निकाल नुसता चाळून पाहत नाहीत. एक न्यायाधीश आणि दोन मॅजिस्ट्रेट शिक्षेचा मुद्दा नव्याने ऐकतात आणि नव्याने शिक्षा ठरवतात. यातच धोका आहे. मॅजिस्ट्रेट कोर्टाला जेवढी शिक्षा देता आली असती तिथपर्यंत क्राउन कोर्ट शिक्षा वाढवूही शकते. शिवाय अपील फेटाळले गेले तर सरकार पक्षाच्या खर्चाचा भार अंगावर येऊ शकतो.

अपील चालू असेपर्यंत बंदी आपोआप थांबत नाही. ती स्थगित करा, असा वेगळा अर्ज कोर्टाकडे करावा लागतो आणि तो मान्य होईलच असे नाही. स्थगिती मिळाली आणि पुढे अपील हरले, तर मधले दिवस बंदीत धरले जात नाहीत. उरलेली बंदी पुढे भोगावीच लागते.

मग अपील करावे कोणी? ज्याच्या हिशेबात चूक झाली आहे त्याने. आकडा चुकीच्या गटात धरला गेला, गाडीत नसलेले प्रवासी नोंदवले गेले, किंवा बारा वर्षांपूर्वीची शिक्षा दहा वर्षांच्या आतली मोजली गेली, तर अपिलाला जोर येतो. चूक उघड असेल तर तेवढेही करावे लागत नाही. १९८० च्या मॅजिस्ट्रेट कोर्ट कायद्यानुसार तेच कोर्ट आपला आदेश दुरुस्त करू शकते.

नोकरीचे काय, असे तुम्ही विचाराल. किमान १२ महिन्यांच्या खाली यायचे किंवा बंदी टाळायची, तर ‘विशेष कारण’ लागते, आणि ते गुन्ह्याच्या घटनेत असावे लागते, गुन्हेगाराच्या परिस्थितीत नव्हे. हे तत्त्व तिथल्या कोर्टांनी १९४० च्या दशकापासून धरून ठेवले आहे. नकळत कोणी पेयात दारू मिसळली, जिवावरचा प्रसंग होता, गाडी अगदी थोडे अंतर हलवली, अशी कारणे ऐकली जातात. थोड्या अंतराच्या बाबतीतही १९८६ च्या ‘चॅटर्स विरुद्ध बर्क’ या खटल्याने कसोट्या घालून दिल्या. किती अंतर, कशी चालवली, रस्त्यावर वर्दळ किती, पुढे जायचा बेत होता का, कोणाला धोका होता का, असे सगळे तपासतात. नोकरी जाणे, घरात आजारी माणूस असणे, ही विशेष कारणे ठरत नाहीत. १२ आणि १६ च्या मधले महिने ठरवताना कोर्ट ती ऐकून घेऊ शकते, एवढेच. भाच्याच्या अपिलात पणाला लागलेले महिने जास्तीत जास्त चार आहेत, ते याच कारणाने.

आणि हेच चार महिने त्याला दुसऱ्या वाटेने मिळू शकतात. मद्यपी चालकांसाठी तिथे सुधारणा कोर्स असतो. साधारण १६ तासांचा, तीन दिवसांत विभागलेला, शुल्क २५० पौंडांपर्यंत. कोर्टाने दिलेल्या तारखेच्या आत तो पूर्ण केला की बंदी किमान तीन महिन्यांनी आणि जास्तीत जास्त एक चतुर्थांशाने घटते. १६ चे चतुर्थांश चार, उरले बारा. इथे ना शिक्षा वाढण्याची भीती, ना हरण्याची. अट एकच : कोर्स करणार का, हे शिक्षेच्या वेळी कोर्टातच सांगावे लागते. तेव्हा नाही म्हटले तर मागाहून मन बदलता येत नाही.

बंदी मुदतीआधी उठवा, असा अर्ज करण्याची सोयही कायद्यात आहे, पण ती लांबलचक बंदीसाठी. चार वर्षांहून कमी बंदी असेल तर दोन वर्षे उलटल्याशिवाय हा अर्ज करता येत नाही. भाच्याची बंदी त्याआधीच संपते.

राहिला भारतीय लायसन्सचा प्रश्न. त्याचे उत्तर स्वच्छ ‘नाही’ आहे. बंदी प्लॅस्टिकच्या कार्डावर नसते, माणसावर असते. बंदीच्या काळात तिथे कुठल्याही देशाच्या लायसन्सवर गाडी चालवली तर तो वेगळा गुन्हा ठरतो. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, विमाही लागू राहत नाही. व्हिसाच्या अर्जात शिक्षेची माहिती द्यावी लागते. त्यामुळे दुसरा गुन्हा नोकरीपेक्षाही महाग पडेल.

आपल्याकडची मर्यादा, तुलनेपुरती, अधिक कडक आहे. रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम, तर इंग्लंडमध्ये ८०. इथे पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. परवाना प्राधिकाऱ्याने मोटार वाहन कायद्याच्या कलम १९ खाली लायसन्सवर कारवाई केली, तर आदेश हाती पडल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते.

तेव्हा मामा, वकिलाचा खर्च करण्याआधी भाच्याला दोन गोष्टी विचारा : कोर्टाच्या कागदावर ५२ हाच आकडा आणि दोनच प्रवासी आहेत ना? आणि कोर्सला तो ‘हो’ म्हणाला ना? दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर अपिलाचे पैसे वाचवा आणि कोर्सची तारीख चुकू देऊ नका. कागदात चूक सापडली तर मात्र तीन आठवडे संपायच्या आत त्याला तिथल्या सॉलिसिटरकडे पाठवा.