न्याहाळकाची निवड

प्रस्तावना

संगणक किंवा मोबाइल हाती आला की महाजालावरील संकेतस्थळे पाहता येतात, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. परंतु ती ज्या साधनातून पाहिली जातात, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. हवे ते पान मागवून त्यातील मजकूर आणि चित्रे पडद्यावर मांडणाऱ्या या साधनास ब्राउझर म्हणतात. मराठीत त्याला ‘न्याहाळक’ असा शब्द आहे. न्याहाळक अनेक आहेत, बहुतेक विनामूल्य आहेत आणि वरवर पाहता सारखेच दिसतात. मग त्यांत निवड करण्याचे कारण काय? या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत पाठात शोधले आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर अध्ययनार्थी –
• न्याहाळक म्हणजे काय, हे स्वतःच्या शब्दांत सांगू शकेल;
• प्रमुख न्याहाळकांची तुलना ठरावीक निकषांवर करू शकेल;
• आपल्या गरजेनुसार न्याहाळक निवडू शकेल;
• सार्वजनिक संगणक वापरताना घ्यावयाची काळजी सांगू शकेल.

मूळ पाठ

१. एक घर, तीन गरजा

छत्तीसगडी बोलीत वस्तीला ‘पारा’ म्हणतात. रायपूरमधील तात्यापारा या जुन्या भागात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. अठराव्या शतकात छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला, तेव्हापासून या प्रदेशाचा मराठीशी संबंध आहे. अशाच एका घराची कल्पना करू.

घरातील आजोबा रेल्वेतून निवृत्त झालेले. नागपूर तेथून सुमारे तीनशे किलोमीटर. पूर्वी तिकडचे मराठी वर्तमानपत्र गाडीने येई, तेव्हा वाचायला मिळे. आता ते जुन्या संगणकावर सकाळीच वाचतात. मुलगा दुकान चालवतो. त्याचे बँकेचे व्यवहार मोबाइलवर होतात. सुनेने आठवीनंतर शाळा सोडली होती. वयाच्या चौतिसाव्या वर्षी तिने मुक्त विद्यालयातून दहावीची परीक्षा द्यायचे ठरवले.

प्रवेशअर्ज भरण्यासाठी ती एका सेवाकेंद्रात गेली. अर्ज भरताना पडद्यावर एक प्रश्न उमटला : ‘संकेतशब्द जतन करायचा का?’ ‘हो’ म्हटल्यावाचून अर्ज पुढे जाणार नाही, असे वाटून तिने ‘हो’ वर बोट दाबले. काम संपल्यावर ती तशीच उठून आली. दुसऱ्या दिवशी त्याच संगणकावर बसलेल्या शेजारणीला तिची टपालपेटी उघडी दिसली. शेजारीण भली होती. तिने ती बंद केली आणि घरी येऊन सांगितले. नुकसान काहीच झाले नाही. पण अर्जात जन्मतारीख होती, छायाचित्र होते, मोबाइलचा क्रमांक होता. सून अस्वस्थ झाली.

“बाबा, माझं फार चुकलं का हो?” तिने सासऱ्यांना विचारले.

“अगं, चुकलं म्हणून रडत बसायचं नाही. आत शिरलेलं दार निघताना लावून घ्यायचं, एवढंच शिकायचं,” आजोबा म्हणाले. “आणि माझं तरी काय? माझा ब्राउझर रोज सांगतो, ‘आता सुधारणा मिळणार नाहीत,’ आणि मी ती पाटी रोज बंद करतो!”

त्या दिवशी त्या घरात न्याहाळकाचा विचार प्रथमच झाला.

२. न्याहाळकांची वाटचाल

पहिला न्याहाळक टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली स्वित्झर्लंडमधील ‘सर्न’ या संशोधन संस्थेत तयार केला. १९९३ साली आलेल्या ‘मोझॅक’मुळे मजकूर आणि चित्रे एकत्र पाहणे सामान्य माणसास सोपे झाले. १९९४ मध्ये ‘नेटस्केप’ आला आणि १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा ‘इंटरनेट एक्सप्लोरर’. भारतात सर्वसामान्यांसाठी महाजालाची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली.

मराठी वाचकाची अडचण मात्र निराळी होती. त्या काळी प्रत्येक मराठी संकेतस्थळाचा टंक वेगळा असे. तो टंक संगणकावर नसेल, तर मराठी अक्षरांच्या जागी रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसे. काही संकेतस्थळे टंक आपोआप पाठवत. परंतु ती युक्ती प्रामुख्याने इंटरनेट एक्सप्लोररमध्येच चाले. म्हणजे मराठी वाचायचे असेल, तर न्याहाळक निवडण्याचे स्वातंत्र्यच उरत नसे. पुढे ‘युनिकोड’ या जागतिक संकेतप्रणालीचा प्रसार झाला. तिच्यात प्रत्येक देवनागरी वर्णास स्वतःचा ठरलेला क्रमांक आहे. त्यामुळे मराठी मजकूर कोणत्याही न्याहाळकात वाचता येऊ लागला. ‘तात्यापाऱ्यात’ या शब्दातील ‘ऱ्या’ हे जोडाक्षरही आज सहसा अचूक उमटते.

२००४ साली ‘फायरफॉक्स’, २००८ साली गूगलचा ‘क्रोम’ आणि २०१५ साली मायक्रोसॉफ्टचा ‘एज’ आला. इंटरनेट एक्सप्लोररचे पर्व १५ जून २०२२ रोजी अधिकृतपणे संपले.

३. तुलनेचे निकष

‘सर्वांत चांगला न्याहाळक कोणता?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘कोणासाठी आणि कशासाठी?’ हे त्यास जोडले पाहिजे. त्यासाठी पुढील निकष उपयोगी पडतात.

(अ) सुरक्षा-सुधारणा : न्याहाळकात दोष सापडत असतात आणि निर्माते ते वेळोवेळी दुरुस्त करतात. ज्या न्याहाळकास सुधारणा मिळणे थांबले, त्यातून पैशाचे व्यवहार करू नयेत.
(आ) साधनाची कुवत : एकाच वेळी अनेक पाने उघडली की स्मृती अधिक लागते. जुने यंत्र अशाने मंदावते.
(इ) खासगीपणा : वाचकाने काय पाहिले याचा माग अनेक संकेतस्थळे व जाहिरातदार ठेवतात. तो आपणहून किती अडवला जातो, हे पाहावे.
(ई) भाषा : न्याहाळकातील सूचना मराठीत मिळतात का, मजकूर वाचून दाखवला जातो का, हे पाहावे.
(उ) सातत्य : मोबाइलवरील वाचनखुणा संगणकावरही मिळतात का, हे तपासावे.

४. प्रमुख न्याहाळक

क्रोम : बहुतेक अँड्रॉइड मोबाइलवर तो आधीपासूनच असतो. गूगलच्या खात्यातून वाचनखुणा व संकेतशब्द सर्व साधनांवर मिळतात. पानाचे भाषांतर करण्याची सोय आहे आणि सूचना मराठीत घेता येतात. मात्र अनेक पाने उघडी ठेवल्यास तो बरीच स्मृती व्यापतो. शिवाय त्याचा निर्माता जाहिरातींच्या व्यवसायात आहे, हेही लक्षात ठेवावे.

फायरफॉक्स : ‘मोझिला’ या ना-नफा तत्त्वावरील संस्थेचा हा न्याहाळक आहे. माग ठेवणाऱ्या अनेक घटकांना तो २०१९ पासून आपणहून अडवतो. त्याची मराठी आवृत्ती उपलब्ध आहे.

एज : विंडोजच्या नव्या संगणकांत तो आधीपासूनच असतो. पानावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्याची त्याची सोय उल्लेखनीय आहे. त्यात मराठी आवाजही आहे. दृष्टी अधू झालेल्या वाचकास किंवा वाचनाचा सराव सुटलेल्या प्रौढास ती उपकारक ठरते.

सफारी : हा ॲपलचा न्याहाळक असून तो त्याच कंपनीच्या साधनांवर चालतो.

ऑपेरा मिनी : कमी कुवतीच्या मोबाइलसाठी तो तयार झाला. त्याच्या सर्वाधिक बचतीच्या पद्धतीत पान आधी कंपनीच्या संगणकाकडे जाते आणि तेथून आकसून वाचकाकडे येते. त्यामुळे डेटा वाचतो. परंतु व्यवहार मध्यस्थामार्फत होतो, म्हणून बँकेचे काम या पद्धतीत करू नये.

उला : चेन्नईच्या ‘झोहो’ कंपनीचा हा न्याहाळक २०२३ साली आला. भारत सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या स्वदेशी न्याहाळक-निर्मितीच्या स्पर्धेत, मार्च २०२५ मध्ये लागलेल्या निकालात झोहोचा चमू पहिला आला. भारतीय न्याहाळकाचा प्रयत्न याआधीही झाला होता; बंगळुरूहून २०१० साली ‘एपिक’ प्रसिद्ध झाला होता.

येथे एक गोष्ट समजून घ्यावी. क्रोम, एज, ऑपेरा आणि उला यांच्या संगणकावरील आवृत्त्या ‘क्रोमियम’ या एकाच पायावर उभ्या आहेत. त्यामुळे पाने दाखवण्यात त्यांच्यात फार अंतर नाही. अंतर आहे ते सोयींत आणि वाचकाची माहिती हाताळण्याच्या धोरणांत. फायरफॉक्सचा पाया मात्र स्वतंत्र आहे.

५. तीन गैरसमज

पहिला गैरसमज ‘खासगी खिडकी’विषयी आहे. ती बंद केल्यावर पाहिलेल्या पानांची यादी त्या संगणकावर राहत नाही, हे खरे. परंतु उतरवून घेतलेल्या फायली तशाच राहतात आणि संकेतस्थळास अथवा सेवा पुरवणाऱ्या कंपनीस भेट कळू शकते. याच प्रश्नावर अमेरिकेत गूगलविरुद्ध २०२० साली दावा दाखल झाला. २०२४ मधील तडजोडीत, गोळा केलेल्या नोंदी नष्ट करण्याचे गूगलने मान्य केले.

दुसरा गैरसमज कुलपाच्या चिन्हाविषयी आहे. कुलूप म्हणजे वाटेत कोणी मजकूर वाचणार नाही, एवढेच. पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे, याची ती हमी नव्हे. ठकाच्या संकेतस्थळावरही कुलूप असू शकते. म्हणून पत्ता अक्षर न् अक्षर वाचावा. भारतीय बँकांनी आपल्या संकेतस्थळांचे पत्ते ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या अखेरीचे करावेत, असा निर्देश रिझर्व्ह बँकेने दिला होता. ही अखेर पाहण्याची सवय लावून घ्यावी. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

तिसरा गैरसमज म्हणजे ‘फुकट म्हणजे कोणाचाच लाभ नाही’. शोधयंत्रास न्याहाळकात पहिले स्थान देण्यासाठी मोठ्या रकमा मोजल्या जातात. फायरफॉक्ससारख्या ना-नफा संस्थेच्या न्याहाळकाचेही बरेचसे उत्पन्न अशाच करारांतून येते. वाचक पैसे देत नसला, तरी त्याचे लक्ष मोलाचे असते.

६. निवड

तात्यापाऱ्यातील घराने काय ठरवले? आजोबांचा संगणक विंडोज ७ वर चालत होता. मायक्रोसॉफ्टने त्यास सुधारणा देणे जानेवारी २०२० मध्ये थांबवले आणि क्रोमने २०२३ मध्ये. मुलाने त्यावर लिनक्स ही विनामूल्य कार्यप्रणाली बसवून अद्ययावत फायरफॉक्स घातला. वर्तमानपत्र वाचण्यास तेवढे पुरेसे झाले. मुलाने मोबाइलवर क्रोमच ठेवला. मात्र बँकेचा पत्ता वाचनखूण करून ठेवला आणि निरोपातून आलेल्या दुव्यांवरून बँकेचे पान उघडणे बंद केले. सुनेने मुलाच्या दुकानातील संगणकावर एजमधून धडे ऐकण्यास आरंभ केला.

सेवाकेंद्रात तिला पुन्हा जावे लागले. या वेळी तिने खासगी खिडकी उघडली, संकेतशब्द जतन करण्यास ‘नाही’ म्हटले आणि काम संपल्यावर खात्यातून बाहेर पडली. उतरवून घेतलेली पावतीची प्रत छापून झाल्यावर संगणकावरून काढून टाकली आणि मगच खिडकी बंद केली. घरी आल्यावर आजोबांनी विचारले, “काय गं, दार लावलंस ना?” ती म्हणाली, “लावलं बाबा. आणि शेजारच्या बाकावरच्या मुलीलाही लावायला शिकवलं.”

भाषाविचार

लेख् – लेखक, वाच् – वाचक, शिक्ष् – शिक्षक. या शब्दांतील ‘अक’ हा प्रत्यय ‘ती क्रिया करणारा’ असा अर्थ देतो. त्याच धर्तीवर ‘न्याहाळणे’पासून ‘न्याहाळक’ हा शब्द घडला आहे. तुलना करताना ‘-पेक्षा’, ‘मात्र’, ‘परंतु’, ‘याउलट’, ‘तुलनेने’ अशा शब्दांचा उपयोग होतो. पाठातील असे शब्द अधोरेखित करा.

शब्दार्थ

टंक – अक्षरांचे विशिष्ट वळण, फॉन्ट
संकेतशब्द – पासवर्ड
वाचनखूण – पुन्हा उघडण्यासाठी जपून ठेवलेला पत्ता
दुवा – एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारा धागा
अद्ययावत – आजपर्यंतच्या सुधारणांसह असलेले

पाठगत प्रश्न

१. युनिकोडपूर्वी मराठी वाचकास न्याहाळक निवडण्याचे स्वातंत्र्य का नव्हते?
२. क्रोम, एज आणि उला यांत कोणते साम्य आहे?
३. चूक की बरोबर ते सांगा : कुलपाचे चिन्ह असलेले प्रत्येक संकेतस्थळ विश्वासार्ह असते.

पाठान्त प्रश्न

१. ‘सर्वांत चांगला न्याहाळक कोणता, हा प्रश्न अपुरा आहे.’ या विधानाचे स्पष्टीकरण द्या.
२. सार्वजनिक संगणक वापरताना घ्यावयाची काळजी पाच वाक्यांत लिहा.
३. ‘आत शिरलेलं दार निघताना लावून घ्यायचं’ या वाक्यातून आजोबांना काय सुचवायचे आहे?
४. तुमच्या घरातील दोन व्यक्तींच्या गरजा विचारात घेऊन प्रत्येकीसाठी न्याहाळक सुचवा आणि कारणे द्या.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. प्रत्येक संकेतस्थळाचा टंक वेगळा असे आणि टंक आपोआप पाठवण्याची युक्ती प्रामुख्याने एकाच न्याहाळकात चाले, म्हणून.
२. त्यांच्या संगणकावरील आवृत्त्या ‘क्रोमियम’ या एकाच पायावर उभ्या आहेत.
३. चूक.